हप्त्यापुरती जाग

नागपूरचे खासदार आणि केंद्रीय रस्तेमंत्री नितीन गडकरी लोकांच्या आरोग्याच्या खर्चाविषयी दोनदा ठळकपणे बोलले. पहिल्यांदा मे २०२१ मध्ये, लशीबद्दल. दुसऱ्यांदा जुलै २०२४ मध्ये, विम्याच्या हप्त्यावरच्या कराबद्दल. पहिलं बोलणं एका दिवसात मागे पडलं. दुसरं तेरा महिन्यांनी का होईना, खरं झालं. बोलणारा तोच, पंतप्रधान तेच, अर्थमंत्रीही त्याच. मग फरक कशानं पडला? नागपुरातल्या हुडकेश्वरसारख्या वस्तीत राहून त्याचं उत्तर जरा अडचणीचं वाटतं, कारण तो फरक गडकरींमध्ये कमी आणि आपल्यात जास्त आहे.

आधी हप्त्याचं बघू. हुडकेश्वर ग्रामपंचायत होती, मग महापालिकेत आली. शेतं गेली, ले-आऊट पडले, प्लॉटवर घरं उभी राहिली. त्या घरांमध्ये निवृत्त मास्तर आहेत, एसटीतले आहेत, महावितरणातले आहेत, छोटे दुकानदार आहेत. विम्याचा एजंट इथे घरचाच माणूस. बारशालाही येतो आणि तेरवीलाही. दरवर्षी तो नूतनीकरणाचा कागद आणून देतो. समजा नवरा-बायकोच्या आरोग्य विम्याचा निव्वळ हप्ता ४०,००० रुपये आहे. त्याच्याखाली बारीक अक्षरात दोन ओळी असायच्या : सीजीएसटी ९ टक्के, ३,६०० रुपये, एसजीएसटी ९ टक्के, ३,६०० रुपये. एकूण ४७,२००. आजारी पडायची भीती बाळगली म्हणून सात हजार दोनशे रुपये सरकारजमा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून हे चालू होतं, आणि त्याआधी १५ टक्के सेवाकर होताच.

नागपूर विभागातल्या जीवन विमा महामंडळाच्या कर्मचारी संघटनेनं हे दुखणं गडकरींपुढे मांडलं. निवेदनं नेत्यांना रोजच मिळतात. बहुतेक निवेदनांचा प्रवास हार, फोटो आणि स्वीय सहायकाची पिशवी इथे संपतो. गडकरींनी हे निवेदन पुढे पाठवलं. २८ जुलै २०२४ च्या पत्रात त्यांनी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना लिहिलं की आयुर्विम्याच्या हप्त्यावर कर म्हणजे आयुष्याच्या अनिश्चिततेवरच कर, आणि आरोग्य विम्यावरचा कर हा समाजाला गरजेच्या असलेल्या व्यवसायाच्या वाढीला अडसर आहे. दोन्हींवरचा १८ टक्के कर काढावा, ही मागणी. स्वतःच्याच मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्याला असं लिहिणं सोपं नसतं. त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत.

पत्र बाहेर आलं आणि विरोधकांच्या हातात आयतं कोलीत मिळालं. ६ ऑगस्टला संसदेच्या मकरद्वारापाशी फलक घेऊन खासदार उभे राहिले. दुसऱ्या दिवशी अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सुनावलं की विम्यावर कर जीएसटीच्या आधीपासून आहे, आणि या पैशातला सुमारे तीन-चतुर्थांश हिस्सा राज्यांनाच जातो. तेव्हा फलक धरणाऱ्यांनी आपापल्या राज्यातल्या अर्थमंत्र्यांना विचारलंय का? मुद्दा खोटा नव्हता. २०२३-२४ या एका वर्षात आरोग्य विम्याच्या हप्त्यांवर ८,२६२ कोटी रुपये कर गोळा झाला होता. एवढं दुभतं जनावर कोण सोडणार? सप्टेंबरमध्ये मंत्रिगट नेमला गेला, डिसेंबरात जैसलमेरच्या बैठकीत विषय पुढे ढकलला गेला. शेवटी ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेनं वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा करमुक्त केला. २२ सप्टेंबरपासून, म्हणजे ऐन घटस्थापनेला, कागदावरच्या त्या दोन ओळी गेल्या.

आता मे २०२१ आठवू. आठवायला नको वाटतं, तरी. त्या मार्चमध्ये नागपुरात पुन्हा टाळेबंदी लागली होती. एप्रिलमध्ये खाटेसाठी रात्र-रात्र फोन फिरत होते. १ मे पासून केंद्राचं नवं लस-धोरण आलं : निम्मा साठा केंद्राला, पाव राज्यांना, पाव खासगी रुग्णालयांना. एकाच कुपीचे तीन भाव. कोविशिल्ड केंद्राला १५० रुपयांत, राज्यांना आधी ४०० आणि ओरड झाल्यावर ३०० रुपयांत, खासगीला ६०० रुपयांत. कोव्हॅक्सिन खासगीला १,२००. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या माणसाला मोबाइलवर स्लॉट पकडल्याशिवाय लस नाही. ज्यांच्या घरात चांगला फोन आणि चपळ बोटं होती, ते शहरातून गाडी काढून खेड्यातल्या केंद्रावर जाऊन टोचून येत. त्या गावातला शेतमजूर केंद्राच्या दारात उभा राहून बघत राही.

अशा वेळी, १८ मे रोजी, कुलगुरूंच्या एका ऑनलाइन कार्यक्रमात गडकरी म्हणाले की पुरवठ्यापेक्षा मागणी जास्त असेल तर अडचण येणारच. मग लस बनवण्याचा परवाना एकाऐवजी आणखी दहा कंपन्यांना द्या, मूळ कंपनीला रॉयल्टी द्या, आधी देशाला पुरवा, उरलं तर निर्यात करा. पंधरा-वीस दिवसांत होण्यासारखं आहे, असंही म्हणाले. (हा रस्ते बांधणाऱ्याचा आत्मविश्वास. लशीला तेवढ्यावर भागत नाही.) महिन्याभरापूर्वी, १८ एप्रिलला, डॉ. मनमोहन सिंग यांनी पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्रात सक्तीच्या परवान्याचा हाच मुद्दा मांडला होता. काँग्रेसचे जयराम रमेश यांनी लगेच तो दाखला काढला आणि विचारलं, साहेबांचे साहेब ऐकताहेत का? दुसऱ्या दिवशी गडकरींनी खुलासा केला : तेव्हाचे रसायन-खते राज्यमंत्री मनसुख मांडवीय यांनी उत्पादन वाढवण्यासाठी सरकार काय करतंय हे आधीच सांगितलं होतं, ते आपल्याला ठाऊक नव्हतं. संपलं प्रकरण.

कायद्यात मात्र ती वाट होती. पेटंट कायद्याखाली आपल्या देशानं पहिला सक्तीचा परवाना मार्च २०१२ मध्येच दिला होता, कर्करोगावरच्या नेक्साव्हर या औषधासाठी. महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांच्या घरात जाणारा खर्च नॅटको कंपनीनं ८,८८० रुपयांवर आणला. कोव्हॅक्सिनचा तर मूळ विषाणूच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा केलेला; त्यात जनतेचाच पैसा होता. मुंबईच्या हाफकिन संस्थेला एप्रिल २०२१ मध्ये कोव्हॅक्सिन बनवण्याची परवानगी मिळाली, केंद्राचं आणि राज्याचं मिळून दीडशे कोटींहून थोडं जास्त अर्थसाहाय्य ठरलं. पण दुसरी लाट ओसरेपर्यंत तिथून एक मात्रा बाहेर पडली नाही. जिवंत विषाणू वाढवून मग मारायचा, तर त्यासाठी कडक सुरक्षेची प्रयोगशाळा लागते. ती परवान्याच्या कागदाने उभी राहत नाही, आधी दहा-वीस वर्षं पैसा घालावा लागतो. ज्या माणसानं १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्यात प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, त्याच्या नावाच्या संस्थेची ही गत आपण होऊ दिली. त्याच प्लेगात, दोन महिन्यांनी, मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात पोचवणाऱ्या सावित्रीबाई फुले गेल्या. ‘योजनेचं कार्ड आहे का?’ हा प्रश्न तेव्हा नव्हता.

लस शेवटी मोफत झाली. ३१ मे ला सर्वोच्च न्यायालयानं अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला पैसे मोजायला लावणारं धोरण सकृतदर्शनी मनमानी आणि अतार्किक ठरवलं, ७ जूनला पंतप्रधानांनी धोरण बदललं, २१ जूनपासून राज्यांचा वाटाही केंद्रानंच घेऊन मोफत पुरवला. पण तोवर आपण, म्हणजे पॉलिसीवाले, फोनवर स्लॉट शोधत होतो. एकाही ले-आऊटच्या रहिवासी संघानं दहा कंपन्यांच्या परवान्यासाठी निवेदन दिल्याचं मी ऐकलं नाही. कर्मचारी संघटना होत्या, ज्येष्ठ नागरिक मंडळं होती, खासदारांची ओळखही होती. नव्हता तो फक्त हप्ता.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या खिशाला चिमटा बसला तेव्हा आपण वर्षभर चिवटपणे भांडलो आणि जिंकलो. प्रश्न सगळ्यांचा होता तेव्हा नेता एकटा बोलला, एकटाच मागे आला. नेत्याच्या चांगल्या शब्दाला मागे लोक नसतील तर तो पक्षशिस्तीपुढे किती वेळ उभा राहणार? गडकरींना भित्रे म्हणणं सोपं आहे. आपल्या मागणीच्या यादीत काय होतं ते तपासणं अवघड.

बरं, जे जिंकलो ते तरी किती? कर गेल्याच्या पुढच्या नूतनीकरणाला हुडकेश्वरच्या कुठल्याही ओसरीवर असा संवाद ऐकू येईल : “काऊन भाऊ, टॅक्स तं गेला म्हणते, मंग हप्ता काऊन वाढून आला?” “काका, तुमचं वय वरच्या स्लॅबात गेलं नं.” कर हा हप्त्याचा सगळ्यात उघड दिसणारा तुकडा होता, म्हणून त्याच्यावर राग काढणं सोयीचं गेलं. बाकीचा फुगवटा रुग्णालयाच्या बिलात आहे. शिवाय कर माफ झाला की कंपनीला तिनं स्वतः भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, आणि तो बोजा ती मूळ हप्त्यात ढकलू शकते. गंमत बघा, हाच युक्तिवाद अर्थमंत्र्यांनी मे २०२१ मध्ये लशीवरचा ५ टक्के जीएसटी काढा म्हणणाऱ्यांना ऐकवला होता : माफी दिली तर वजावट जाईल आणि लस महागच होईल. १२ जून २०२१ च्या बैठकीत लशीवरचा कर तसाच ठेवला गेला. २०२५ मध्ये विम्याच्या बाबतीत तीच अडचण असून कर गेला. मागणाऱ्यांचा आवाज मोठा असला की युक्तिवादाचं वजन कमी होतं, एवढं यातून समजतं.

गट विम्यावर १८ टक्के अजून आहेच. छोट्या कारखान्यातल्या कामगारांचा विमा बहुधा गटाचाच असतो. त्यांच्यासाठी फलक कोणी धरला नाही. साठीनंतरच्या ग्राहकाचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करा, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. म्हणजे दरसाल दहा टक्क्यांची वाट मोकळी. चाळीस हजारांचा हप्ता दोन वर्षं दहा-दहा टक्क्यांनी वाढला की ४८,४०० होतो. करासकट जुना आकडा ४७,२०० होता.

ज्यांच्याकडे पॉलिसीच नाही त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आयुष्मान कार्ड आहे, सत्तरीपुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून पाच लाखांचं कवच आहे. योजना वाईट नाहीत; अनेक घरं त्यांनी वाचवली आहेत. पण ठरलेल्या उपचारांच्या यादीत आजार बसला पाहिजे, रुग्णालय योजनेत असलं पाहिजे आणि तिथे खाट असली पाहिजे. शेवटी वाट जाते मेडिकललाच, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे. आमच्या ले-आऊटवाल्यांना मेडिकल आठवतं ते अपघाताला किंवा सर्टिफिकेटला. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, अगदी बालाघाट-छिंदवाड्याची माणसं मात्र तिथल्या व्हरांड्यात सतरंजी टाकून दिवस काढतात, ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी घेऊन मेडिकल चौकातली दुकानं फिरतात. आपण तिथे जायचं सोडलं, तेव्हा तक्रार करणारा, पत्र लिहिणारा, खासदाराला ओळखणारा माणूसही तिथून गेला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोरोनानं कंबर मोडल्यावरही, तो १.८४ टक्के होता. या तुटीवर कोणी मंत्रिगट मागितला नाही.

पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर कोणी पॉलिसी नंबर विचारत नाही. बंगल्यातलं बाळ आणि वीटभट्टीवरचं बाळ एकाच रांगेत तोंड उघडतं. हे झालं, कारण विषाणू कंपाउंडची भिंत मानत नाही, हे आपल्याला पटलं होतं. हृदयविकार, मूत्रपिंड, कर्करोग संसर्गानं पसरत नाहीत, म्हणून ते ज्याचे त्यानं बघावेत असं आपण ठरवून टाकलं.

आणि उपचारांच्या खर्चाला आवर घालणं सरकारला जमत नाही असंही नाही. २१ मे २०२० ला महाराष्ट्र सरकारनं खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले : साधा वॉर्ड ४,०००, अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये दिवसाला. पळवाटा निघाल्या, बिलं फुगवली गेली, लेखापरीक्षक बसवावे लागले. पण दर बांधता येतात हे सिद्ध झालं. साथ सरली आणि ते दरही सरले. मागे उरले ते १४ जानेवारी २०२१ चे शुश्रूषागृह नोंदणीचे सुधारित नियम. त्यांनुसार प्रत्येक खासगी रुग्णालयानं ठराविक सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे, आणि तक्रार ऐकण्याची जबाबदारी महापालिकेच्या आरोग्य विभागावर आहे. मानेवाड्यापासून दिघोरीपर्यंत जेवढी रुग्णालयं आहेत त्यांच्या दारात हे दरपत्रक आहे का, हे बघायला एक रविवार पुरे. नसेल तिथे लेखी तक्रार, आणि तिची प्रत खासदारांना. विमा कर्मचाऱ्यांच्या निवेदनावर त्यांनी पत्र लिहिलं होतं. रहिवासी संघाच्या निवेदनावर लिहितात का, तेही कळेल.