चाळण्या वाढल्या, घडण राहिली

हिंगोली जिल्ह्यात हळद काढायचे दिवस होते. कळमनुरीजवळच्या एका शेतात शिजवलेली हळद वाळत घातली होती आणि बांधावर बसून एक तरुणी मला आपली फाईल दाखवत होती. बोटं पिवळी झालेली, म्हणून प्लास्टिकच्या कव्हरांना कडेनं धरून ती पानं उलटत होती. बारावी, डी.एड., बी.ए., बी.एड., शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी आणि शेवटी अभियोग्यता चाचणी, जिला सगळे ‘टेट’ म्हणतात. ती शिकवायला पात्र आहे, असं सांगणारे इतके कागद. पण वर्ग अजून मिळालेला नव्हता.

एके काळी बारावीनंतर डी.एड. केलं की जिल्हा परिषदेचा आदेश हाती पडे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेनं पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटी आवश्यक ठरवली आणि राज्यात ती डिसेंबर 2013 मध्ये पहिल्यांदा झाली. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. 2017 मध्ये टेट आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आलं.

या चाळण्यांच्या बाजूनं बोलायला हवं. संस्थाचालकाच्या दारात डोनेशन मोजल्याशिवाय नोकरी नाही, हा अनुभव मराठवाड्यानं घरोघरी घेतला आहे. त्यासाठी शेतं विकली गेली आहेत. सेनगावच्या शेतमजुराच्या मुलासाठी गुण हीच एकमेव शिफारस असते. गुणवत्ता यादीनं त्याला दिलेली संधी मी कधीच कमी लेखणार नाही.

तरीही प्रत्येक नवी परीक्षा आधीच्या प्रमाणपत्रावरचा अविश्वासच असते. डी.एड. महाविद्यालयं गल्लोगल्ली निघू दिली, त्यांचा दर्जा पाहिला नाही, आणि मग दारात टीईटी बसवली. 2021 च्या अखेरीस त्या टीईटीतलाच गैरव्यवहार उघड झाला. नियमही मधल्या वाटेत बदलत राहिले. बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीचं दार 2018 मध्ये उघडलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2023 च्या निकालानं ते बंद झालं. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानं तर सेवेची पाच वर्षांहून अधिक शिल्लक असलेल्या, टीईटी नसलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायला सांगितलं. यातला एकेक निर्णय समर्थनीय असेलही. पण वीस-बावीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेल्या माणसाला आपली पात्रता पुन्हा शून्यापासून सिद्ध करावी लागते, तेव्हा आपण त्याच्या अनुभवाची किंमत काय केली?

टीईटीत दीडशे बहुपर्यायी प्रश्न असतात, टेटमध्ये दोनशे. त्यातून उमेदवाराला काय माहीत आहे ते कळतं. तांड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत, पहिली ते तिसरीची मुलं एकाच खोलीत बसलेली असताना, घरी बंजारा समाजाची गोरबोली बोलणाऱ्या मुलाला मराठी वाचनाकडे कसं न्यायचं, हे त्यातून कळत नाही. ते हाताखाली राहूनच शिकावं लागतं.

त्यासाठी नवी परीक्षा नको. तीन वर्षं आपल्याकडे आधीच आहेत. नव्या शिक्षकाचा शिक्षण सेवक म्हणूनचा काळ तीन वर्षांचा असतो आणि 2023 पासून प्राथमिक शिक्षण सेवकाला महिना 16 हजार रुपये मानधन मिळतं. आज हा काळ म्हणजे कमी पैशांतलं पूर्ण काम. तो खऱ्या अर्थानं उमेदवारीचा करावा. पहिलं वर्ष आडवळणाच्या वाडीवर एकट्यानं काढण्याऐवजी केंद्रशाळेत, अनुभवी शिक्षकाच्या शेजारच्या वर्गात जावं. त्या अनुभवी शिक्षकाचे इतर कागदी कामांचे तास कमी करावेत, म्हणजे त्याला नव्याचा पाठ बघायला वेळ मिळेल. वाट डी.एड.ची असो की बी.एड.ची, प्रत्येकाला हे वर्ष मिळायला हवं.

उठता उठता मी त्या तरुणीला विचारलं, एवढ्या शिक्षणातलं काय कामाला येईल? ती सराव पाठाबद्दल बोलली. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला अपूर्णांक शिकवत होती. मागे बसलेल्या गुरुजींनी तास संपल्यावर एवढंच सांगितलं, ‘बाई, प्रश्न विचारला की थोडं थांबा. लगेच उत्तर तुम्हीच देऊ नका.’ दुसऱ्या दिवशी ती थांबली, आणि शेवटच्या रांगेतल्या मुलीनं हात वर केला.

त्या फाईलीत या दिवसाचा कागद नाही. शिक्षिका मात्र ती त्या दिवशी झाली.