मेन स्विच घरातल्या सगळ्यांचा

जालन्याचा मस्तगड 1725 मध्ये निजाम आसफजाहच्या हुकुमावरून काबिल खानाने बांधला. अशा जुन्या किल्ल्यांच्या आसपास शतकानुशतके दाटत गेलेल्या वस्तीत एका घरातली चूक त्या घरापुरती राहत नाही. एका स्वयंपाकघरात गॅस गळला तर धोका शेजारच्या बिऱ्हाडालाही असतो. एका जोत्यात उतरलेला विजेचा प्रवाह बोळातल्या ओल्या फरशीवरून चालणाऱ्या कुणालाही गाठू शकतो. त्यामुळे संकटाच्या वेळी घरातली वीज, गॅस आणि पाणी कसे बंद करायचे, हे ज्ञान मला केवळ सोयीचे वाटत नाही. ते कर्तव्य वाटते. आणि हे कर्तव्य एकट्या कर्त्या पुरुषाचे नाही, घरात राहणाऱ्या प्रत्येकाचे आहे.

शॉक लागलेल्या माणसाला सोडवायला धावलेला दुसराही दगावला, अशा बातम्या आपल्याकडे दर पावसाळ्यात येतात. कपडे वाळत घालायच्या तारेत प्रवाह उतरतो, किंवा नळाला लावलेल्या मोटारीचा धक्का बसतो. आई मुलाला ओढायला जाते, भाऊ भावाला. या माणसांकडे धैर्य कमी नव्हते, मायाही कमी नव्हती. आधी मेन स्विच पाडायचा, तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडाने माणसाला प्रवाहापासून दूर ढकलायचे, आणि तोवर त्याला हात लावायचा नाही, एवढेच त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. नीतीचा विचार करताना आपण हेतू पाहतो. पण जिथे चांगल्या हेतूनेच दुसरा जीव जातो, तिथे माहिती करून घेणे हाही नीतीचाच भाग ठरतो. जालन्यात घाणेवाडी तलावाचे आणि जायकवाडी धरणाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. त्या दिवशी घरोघरी मोटारी, ओले हात आणि ओली अंगणे एकत्र येतात. म्हणून इथे हा प्रश्न तातडीचा आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, ही कामे वायरमनची, अग्निशमन दलाची आणि गॅस एजन्सीची. सामान्य माणसाने त्यात हात घालू नये. दुरुस्तीपुरते हे खरे आहे. पण ती माणसे पोहोचेपर्यंतची पहिली काही मिनिटे घरातल्यांच्याच हातात असतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत पूर चढला तेव्हा महावितरणने अनेक भागांचा पुरवठा स्वतःहून बंद केला. वीज पोहोचवणे हेच जिचे काम, त्या कंपनीला ती वेळीच तोडणे ही सेवा वाटली. तोच विवेक घराच्या उंबऱ्याआत का नसावा?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. अर्धवट माहिती घेऊन मुले किंवा म्हातारी माणसे भलतेच करून बसतील, ही भीती खोटी नाही. एका ठिकाणी वाचवणारी कृती दुसऱ्या ठिकाणी मारते. शॉक लागला तर मेन स्विच पाडायचा. पण घरात गॅसचा वास भरला असेल तर आतले कोणतेही बटण चालू करायचे नाही आणि बंदही करायचे नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा उडते. म्हणून एक्झॉस्ट पंखाही लावायचा नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला तरी पेट घेऊ शकतो. तेव्हा रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचे आणि फोन बाहेर गेल्यावरच करायचा. मेन स्विच घराबाहेर, वासापासून लांब असेल तरच तो पाडावा. पाणी घरात शिरत असेल तर कोरड्या जागेवर उभे राहून हात पोहोचतो तोवरच मेन स्विच बंद करावा. पाण्यात उभे राहावे लागत असेल तर त्या वाटेला जाऊ नये. मराठवाड्यात अनेक घरांत इन्व्हर्टर आहेत, आणि मेन पाडला तरी इन्व्हर्टरवरच्या दिव्या-पंख्यांच्या तारांत प्रवाह राहतो. तो वेगळा बंद करावा लागतो. एवढा बारकावा असल्यामुळेच ही गोष्ट ऐन वेळी सुचण्यावर सोडता येत नाही. न शिकवल्याने मुले सुरक्षित राहत नाहीत. कधी हात लावू नये हे शिकवल्याने राहतात.

आणखी एक गोष्ट आपण सहज विसरतो. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरत, आगीची चाहूल आधी लागे. गॅस डोळ्यांना दिसत नाही. त्याला मुद्दाम घातलेला वास तेवढा आपल्याला सावध करतो. 2016 पासून उज्ज्वला योजनेतून सिलिंडर लाखो चुलींच्या जागी आला, हे चांगलेच झाले. पण त्याच्यासमोर रोज उभ्या राहणाऱ्या बाईला मीटरची पेटी कुठे आहे हे ठाऊक नसणे, कारण 'ते पुरुषांचे काम', हा अन्याय आहे. दुपारी घरात बहुधा तीच असते, आणि तिच्यासोबत लेकरे आणि सासूसासरे. भाडेकऱ्यांचेही तेच. जिन्याखालची मीटरची खोली कुलपात आणि किल्ली मालकाच्या खिशात, ही रीत चोरीच्या भीतीने पडली असेल. पण ज्याच्याकडून भाडे घेतले, त्याच्या जिवाची वाट कुलपात ठेवण्याचा अधिकार मालकाला नाही. किल्ली भाडेकऱ्याच्या हाती लागेल अशीच असली पाहिजे.

या रविवारी घरातल्या प्रत्येकाला, लहानांना आणि म्हाताऱ्यांनाही, मेन स्विच, इन्व्हर्टरचे बटण, रेग्युलेटर आणि टाकीचा कॉक दाखवा, आणि त्यांच्याच हाताने एकदा बंद करवून घ्या. काही बिघडल्यावर जे बंद केले ते जाणकाराने तपासल्याशिवाय पुन्हा चालू करू नका, हेही त्याच वेळी सांगा. गॅसगळतीसाठी 1906 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो; तो दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.