ताईंचा वर्ग कोण पाहतं?

आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. वेल्ह्याच्या आतल्या खोऱ्यात एका अंगणवाडीच्या ओसरीवर मी बसले होते. गावातली मोठी माणसं खाचरांत उतरलेली, वाडीत म्हातारी आणि पोरं. चार वर्षांचा एक मुलगा मला एक ते वीस घडाघडा म्हणून दाखवत होता. ताईंनी त्याच्यापुढे खडे ओतले आणि पाच मागितले. त्याने ओंजळभर दिले.

ताई 'चुकलं' म्हणाल्या नाहीत. त्यांनी गवताच्या काड्यांची एक मूठ केली, "चल, आपण आवणी करू" म्हणाल्या आणि दोघं अंगणातल्या चिखलात वाकली. एक काडी रोवायची, एक आकडा म्हणायचा. पाचव्या काडीला पोरगं आपणहून थांबलं आणि वर बघून हसलं.

आकडे म्हणता येणं वेगळं आणि मोजता येणं वेगळं. बालशिक्षणातली ही कळीची गोष्ट ताईंनी आईच्या खाचरातली रीत घेऊन मुलापर्यंत पोचवली. हे कुठे शिकलात, असं विचारलं तर म्हणाल्या, "सुचलं. पण सांगणार कोणाला?"

तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही. त्या दिवशी ताईंनी फोनवर हजेरी भरली, वजनं भरली, आहार भरला. आवणीला कुठेच रकाना नव्हता. अंगणवाडी सेविकेची कुपोषण रोखण्याची जबाबदारी मला मुळीच कमी लेखायची नाही. पण तिने किती मुलं जोखली हे आपण रोज विचारतो, आणि तिला आज काय उमगलं हे कधीच नाही.

'अंगणवाडी' हा शब्द बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांच्या कामातून आला. मुलं शाळेत येत नसतील तर शाळेने त्यांच्या अंगणात जावं, आणि साधनं त्याच परिसरातली असावीत, हा त्यामागचा विचार. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली आणि हे नाव देशभर गेलं. पण ताराबाईंच्या कामात आणखी एक गोष्ट होती. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या अनुताई वाघ 1945 मध्ये बोर्डीला त्यांच्याकडे गेल्या, त्या अनुभवी शिक्षिका म्हणूनच. तरीही लहान मुलांचं शिक्षण त्या तिथे नव्याने शिकल्या. पुढे कोसबाड, आणि 1973 मध्ये ताराबाई जाईपर्यंत 28 वर्षांची सोबत. शेजारी जाणतं माणूस होतं, केलेलं बघणारं आणि त्यावर बोलणारं. अनुताई घडल्या त्या अशा.

आज सेविकांना प्रशिक्षणं मिळत नाहीत असं नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेलीसाठी वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला आहे. तो हवाच. पण प्रशिक्षण संपतं, ताई आपल्या वाडीत परतते आणि पुन्हा एकटी पडते. भाटघरच्या पाण्यापलीकडची वाडी, नीरा देवघरच्या वरच्या अंगाची वाडी, तोरण्याच्या पायथ्याची वाडी: धो धो पावसात या तिन्ही वाड्यांतल्या ताईंनी एकमेकींचा वर्ग कधी बघायचा?

तरी महिन्याला एकत्र बसणं या मुलखातल्या बायकांना नवं नाही. ज्ञान प्रबोधिनी या संस्थेने इथे बचत गट उभे केले. गटात बाई पैसे भरायला येते आणि घरचं, शेतातलं, मुलांचं बोलून जाते. बोलता बोलता तिला आपलं शहाणपण ऐकू येतं. सेविकेला नेमकी अशीच बैठक हवी आहे, फक्त तिथे हिशेब मुलांचा व्हावा. आज मी या एका मुलासाठी काय केलं, ते का साधलं, का फसलं. फसलेलं सांगताना कोणी ताशेरे मारणार नाही, एवढी हमी मात्र पाहिजे.

भोर आणि वेल्ह्याच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना आणि पर्यवेक्षिकांना माझी कळकळीची विनंती आहे. मासिक बैठकीतला एक तास अहवालांपासून मोकळा ठेवा. महिन्यातून एक दिवस प्रत्येक ताईला दुसऱ्या ताईच्या अंगणवाडीत बसायला पाठवा, आणि तिचं एसटीचं भाडं द्या.