न विचारलेला प्रश्न

विकावयाच्या वस्तूतील वैगुण्य ग्राहकाने विचारले नाही, तर ते आपण होऊन सांगावे काय, हा प्रश्न फार जुना आहे. सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात त्याचा ऊहापोह केला आहे. सदोष घर विकणाऱ्याने त्यातील दोष सांगितलाच पाहिजे, असे अँटिपॅटरचे म्हणणे. तर न सांगणे आणि लपविणे या दोन गोष्टी भिन्न होत, असा डायोजिनिसचा पक्ष. सिसेरोने कौल दिला तो अँटिपॅटरच्या बाजूने. हा वाद आम्ही वर्गात पुष्कळ वर्षे शिकविला. परंतु त्याची खरी धार आम्हांस कळली ती अलीकडे, एका मोटारसायकलीच्या निमित्ताने.

आमच्या भाच्यास मध्यम वर्गातील स्पोर्ट्‌स मोटारसायकल घ्यावयाची होती. 649 सी.सी.ची, दोन सिलिंडरांची कावासाकी निंजा 650 त्याच्या मनात भरली होती. नवी घेण्याची ऐपत नाही, म्हणून वापरलेली पाहावयाची. आणि व्यवहारात कोणी वडीलधारे असावे, म्हणून आम्हांस सोबत न्यावयाचे, असा बेत ठरला. यंत्रातले आम्हांस काही कळत नाही. पण वाटेत भाच्यानेच आमची शिकवणी घेतली. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे, कारण गरम इंजिन आपली दुखणी झाकते. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर तेल पाझरले आहे काय, चेनच्या चक्राचे दात आकड्यासारखे वाकले आहेत काय, हे बघावे. टायरवरील चार आकडे वाचावे. 2319 असे असल्यास तो 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. आरसी बुकातील चासी नंबर गाडीशी ताडून घ्यावा. शेवटी, हँडल पूर्ण वळविले असता ते जेथे अडते तो चासीवरील थांबा बोटाने चाचपावा. गाडीने जोराची टक्कर खाल्ली असेल, तर बाहेरचे फेअरिंग बदलता येते. पण हा थांबा पुष्कळदा चेपलेलाच राहतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिन आधीच तापलेले होते. फेअरिंग कोरे करकरीत, आणि थांबा मात्र चेपलेला! "गाडी कुठं आपटली होती का?" असे भाच्याने विचारताच मालक हसून म्हणाला, "समोरच उभी आहे, बघून घ्या ना." भाचा संतापला आणि आम्ही परत फिरलो. त्या माणसाने एकही असत्य उच्चारले नव्हते, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

घरी आल्यावर खरी परीक्षा पुढे आली. पैशांची जुळणी करण्यासाठी भाचा आपली जुनी दीडशे सी.सी.ची गाडी विकणार होता. एका पावसाळ्यात ती घसरून तिचा फोर्क वाकला होता व तो तसाच सरळ करून बसविला होता. संध्याकाळी कॉलेजातला एक मुलगा ती पाहावयास यावयाचा होता. "त्याला हे सांगणार ना?" असे आम्ही विचारले. भाचा म्हणाला, "विचारलं तर सांगीन की, मामा!"

कायदा बहुतांशी भाच्याच्याच बाजूचा आहे. 1872 च्या करार कायद्याच्या 17 व्या कलमाखाली घोड्याचे उदाहरण दिले आहे. आपला घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही लिलावात तो गप्प राहून विकला, तर ती लबाडी नव्हे. परंतु घेणारी स्वतःची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर मात्र सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. कायद्याने येथे रेषा ओढली; पण नीतीने तेथेच थांबावे काय? जे आपल्या मुलीस सांगावयाचे, ते दुसऱ्याच्या मुलापासून दडवावयाचे, याला आधार कोणता?

अर्थशास्त्रही या मौनाचे गोडवे गात नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन असे दाखविले की, चांगली वस्तू कोणती हे ग्राहकास ओळखता येईना, म्हणजे तो सर्वांनाच बेताची किंमत देऊ लागतो. मग चांगल्या वस्तूंचे मालक बाजार सोडतात आणि वाईट तेवढ्या उरतात. म्हणजे एकाच्या मौनाचा दंड दुसरा प्रामाणिक मनुष्य भरतो.

मग विक्रेत्याने सर्वच सांगत सुटावे काय? तसे आम्हांस वाटत नाही. झिजलेला टायर डोळ्यांस दिसतो. आपण किती किमतीस राजी होऊ हे सांगण्याचेही कारण नाही. परंतु जो दोष आपणांस ठाऊक आहे, घेणाऱ्यास साध्या दक्षतेने दिसणारा नाही, आणि ज्यावर त्याचा जीव अवलंबून आहे, तो न विचारताही सांगितलाच पाहिजे. वळणावर वेगाने झुकलेल्या स्वारास किमतीतली सूट वाचवीत नाही.

भाच्याने त्या मुलास सारे सांगितले. मुलगा आभार मानून निघून गेला. गाडी अद्यापि आमच्या अंगणात उभी आहे. दुसऱ्याच्या खिशातील पैशांवर नीतीचा उपदेश करणे किती सोपे असते, हे ती आम्हांस रोज सांगते. म्हणून नवा फोर्क आमच्या खर्चाने बसवावयाचा, असे आम्ही ठरविले आहे.