तिकिटाचा पैसा आणि खजिन्याचा पैसा

कलेला राजाश्रय असावा की नसावा, हा वाद जुना आहे. पूर्वी राजा आपल्या मर्जीने देई आणि आपल्याच सभेत बसून ऐके. आता देणारे आपण सारे. ऐकणारे कोण, हे मात्र कुणी विचारीत नाही. म्हणूनच हा प्रश्न हिशेबाचा न राहता नीतीचा झाला आहे.

मराठी चित्रपटाला महाराष्ट्र सरकारने दोन तऱ्हांनी हात दिला. १९७५ च्या सुमारास करपरतावा आला. तिकिटावर वसूल झालेला करमणूक कर निर्मात्याला परत मिळे. अट एवढीच, की तो त्याने पुढच्या मराठी चित्रपटात घालावा. प्रेक्षकाचे प्रेक्षकाकडे, असा हा सरळ व्यवहार! पण ज्याची खिडकी भरे त्याचाच परतावा मोठा. ज्याचे खरोखर अडलेले, तो कोरडाच. दादा कोंडक्यांचे चित्रपट सरकारवाचून अडले असते, असे मला तरी वाटत नाही. पुढे अनुदान आले: समितीने चित्रपट पाहून ‘अ’ दर्जा दिला तर ४० लाख, ‘ब’ दिला तर ३० लाख. २०१७ साली करमणूक करच वस्तू व सेवा करात विरून गेला. म्हणजे आता तिकिटाचा संबंध तुटला; पैसा सर्वांच्या खिशातला, काडेपेटी विकत घेणाऱ्या धानकऱ्याच्यासुद्धा.

मग सारे तिकिटावरच सोडावे काय? आमच्या झाडीपट्टीत ते घडले आहे. दिवाळी सरली, धान घरी आले, की मंडया भरतात आणि वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव रात्रभर नाटके करतात. कडाक्याच्या थंडीत लोक घोंगड्या पांघरून, पैसे मोजून बसतात. हे वैभव तिकिटाचे. पण कथेशी काडीचा संबंध नसलेली नाचगाणी नाटकात घुसली, तीही तिकिटापायीच. डोळ्याच्या कर्करोगाने दृष्टी गमावणाऱ्या नातवाचा ‘श्वास’ नुसत्या खिडकीकडे पाहून कोण काढील?

तेव्हा सरकारने द्यावे, या मताचा मी आहे. पण चित्रपट काढल्याबद्दल नव्हे, दाखवल्याबद्दल द्यावे. अनुदानाचा निम्मा हप्ता तो साकोली-लाखनीसारख्या गावांत, शाळेच्या सभागृहात का होईना, परवडेल त्या दरात दाखवल्यावरच मिळावा. निर्माते कुरकुर करतील. करोत. काडेपेटीवरचा कर भरणाऱ्याला पडद्यासमोरची एक जागा मागण्याचा हक्क आहेच.