अबोला म्हणजे शांती नव्हे

माणसे एकत्र नांदू लागली की मतभेद होणारच. घरात भावाभावांत, गावात वाड्यावाड्यांत, देवळात मानपानावरून, कलह कोठे नाही? प्रश्न एवढाच की, तो आपण कोणत्या रीतीने मिटवितो. या विषयावर लिहिण्याइतके आमचे वय नाही, हे आम्ही जाणतो. तथापि पुजाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे कलहाचा एक प्रकार आम्ही फार जवळून पाहिला आहे.

आमचे वडील व धाकटे काका यांच्यात नवरात्राच्या पाळीवरून एकदा शब्दाला शब्द लागला. शिवीगाळ झाली नाही, फिर्यादही झाली नाही. वडिलांनी पाळी सोडून दिली आणि बोलणे बंद केले. पुढे नऊ वर्षे देवळाची किल्ली या घरातून त्या घरात आमच्याच हातून जाई. गाव वडिलांच्या सोशिकपणाची वाखाणणी करी आणि आम्हांसही त्याचा अभिमान वाटे. मात्र वडिलांनी हक्क सोडला होता, राग सोडला नव्हता. काकांना पाळी मिळाली होती, पण आपले म्हणणे सांगावयास कोणी मिळाले नव्हते.

कलह मिटविण्याच्या रीती अनेक आहेत. साम, दाम, दंड, भेद हे उपाय राजनीतीने सांगितले, ते प्रतिपक्षाला वश करण्यासाठी. ज्याच्याबरोबर उद्या एकाच पंगतीस बसावयाचे, त्याच्या बाबतीत ते अपुरे पडतात. दुसरी रीत निवाड्याची. गोव्यात १९३३ च्या नियमावलीत महाजनांचे हक्क लेखी आहेत आणि मामलेदाराकडे देवस्थानांची देखरेख आहे. निवाड्याने हक्क ठरतो व तो ठरणे अवश्यही असते. पण हक्क ठरल्याने मने जुळतातच असे नाही.

तिसरी रीत बहुमताची. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने विलीनीकरणाच्या प्रश्नावर कौल दिला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे संघप्रदेश. पेडणे व डिचोली तालुक्यांत मताधिक्य फुलाकडे होते. एकंदरीत मात्र १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी दोन पाने जिंकली. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून विरोधकांनी मंत्रिमंडळाच्या राजीनाम्याची मागणी केली होती, आणि मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी १९६६ च्या डिसेंबरात राजीनामा दिला होता. निकाल विरुद्ध गेल्यावर त्यांच्या पक्षाने १९६७ मध्येच पुन्हा निवडणूक लढविली व सत्ता मिळविली. हरलेल्यास पुन्हा लोकांपुढे जाऊन बोलता आले, हे त्या रीतीचे मोठेपण आम्हांस वाटते.

चौथी रीत आपल्या देवीची. डिचोलीत, धारगळीत व अन्यत्र आपण जिला शांतादुर्गा म्हणतो, तिची कथा सर्वांस ठाऊक आहे. शिव व विष्णू यांच्यात युद्ध जुंपले असता ती दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तिने दोघांस शांत केले. तिने कोणास हरविले नाही, हे आपण नेहमी सांगतो. पण तिने पाठही फिरविली नाही, हे मात्र विसरतो. आमच्या घरी नऊ वर्षे मध्ये उभे राहणारे कोणी नव्हते. किल्ली नेणारे आम्हीही काही बोललो नाही.

येथे एक सावधगिरी हवी. बलवानाने दुर्बलावर अन्याय केला असता दुर्बलासच नमते घ्यावयास सांगणे ही शांती नव्हे. श्रीकृष्णाने शिष्टाई केली. परंतु पाच गावेही नाकारली गेली, तेव्हा तो पांडवांच्या रथावर बसला. मध्यस्थास दोघांचे ऐकावे लागते, तसेच खरे काय तेही बोलावे लागते.

काका आजारी पडले तेव्हा वडील त्यांच्या उशाशी जाऊन बसले. त्या वर्षी मुलीच्या लग्नाचे कर्ज होते, म्हणून नवरात्राचे उत्पन्न हवे होते, एवढेच काकांनी सांगितले. “मग तेव्हाच का नाही बोललास?” असे वडिलांनी विचारले. काका म्हणाले, “दादा, तू विचारलेस कधी?”

वाचकहो, येत्या जत्रेस आपण सारे एकाच मंडपात जमणार आहोत. ज्याच्याशी आपले बोलणे नाही, त्याने पाळी घेतली की मान घेतला, याचा हिशेब क्षणभर बाजूस ठेवावा आणि त्याला कारण विचारावे. उत्तर आपणास पटेलच असे नाही. परंतु ते ऐकून घेण्यास नऊ वर्षे लागू नयेत.