मस्जिदीच्या दारात, जोडीदारासाठी

आजची आयत : सूरह अल-फुरकान, 25:74



मस्जिदीत उजवा पाय टाकताना आपण अल्लाहकडे त्याच्या रहमतीचे दरवाजे उघडायची दुआ करतो. निघताना डावा पाय आधी, आणि मागणंही वेगळं. तेव्हा त्याचा फज्ल मागायचा. दोन्ही दुआ सहीह मुस्लिममध्ये आहेत. लहानपणीच पाठ होतात, म्हणून तोंड म्हणतं आणि मन कुठेतरी चपला शोधत असतं.

रहमत हाच शब्द कुरआनात नवरा-बायकोबद्दल आलाय (30:21). त्यांच्यात प्रेम आणि रहमत अल्लाहने ठेवली. म्हणजे जे दारात मागतो, त्यातलं थोडं घरी आधीच दिलेलं आहे. मग घरात अबोला असताना त्याच तोंडाने रहमत मागावी का? मी म्हणेन, मागावीच. फक्त तिच्यासाठीही मागावी.

पण तिच्यासाठी म्हणजे काय? हिचा राग कमी होऊ दे, ही तर माझ्याच सोयीची दुआ झाली! आजच्या आयतीत जोडीदार आणि मुलं डोळ्यांचा थंडावा व्हावीत असं मागितलंय. मागणारे कोण, ते 63व्या आयतीपासून वाचा. जमिनीवर नम्रपणे चालणारी, अडाणी माणूस अंगावर आला तर सलाम म्हणणारी ही माणसं. थंडावा मागण्याआधी त्यांची चाल आणि बोलणं सांगितलंय.

आणि 'अज्वाज' म्हणजे जोडीदार. नवराही त्यात आला. नमाजनंतर तीही घरी हीच दुआ मागते. त्या दुआत मी असतो.